शेवटी उचलायची खुर्ची

मी देश सोडला तो अब्बांच्या टेम्पोतून. मागे मंडपाचे पाईप, कनाती आणि लाल खुर्च्यांच्या थप्प्या. पुढे अब्बा, मी आणि मांडीवर माझी बॅग. नारायणगावला हायवेवर त्यांनी मला मुंबईच्या बसमध्ये बसवलं, बॅग नीट लागली का ते हलवून पाहिलं आणि म्हणाले, "पोचली की फोन कर. डिंभ्याला संध्याकाळच्या लग्नाचा मांडव उभा करायचाय." विमानतळ सोडाच, बस सुटेपर्यंतही थांबले नाहीत. मला असा राग आला होता, की चाकण येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या मुलीसाठी वेळेवर पोचायचं होतं म्हणे!

जुन्नरला आमचा मंडपाचा धंदा. घरात आम्ही दखनी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी. पण अब्बांना मनातलं काही बोलायचं असेल, तर त्यांना मराठीच लागते. ते तसं क्वचितच बोलतात, हा भाग वेगळा.

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे. नवरीची पाठवणी झाली, की पोरं लगेच मांडव सोडायला लागतात. झालर उतरते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, खुर्च्यांच्या थप्प्या टेम्पोत जातात. फक्त मुलीच्या बापाची खुर्ची उचलायची नाही, तो आपणहून उठेपर्यंत. आहुप्याच्या एका लग्नात मीही गेले होते. नवरीचा बाप उघड्या रानात एकटाच खुर्चीवर बसून होता, उठायचं नावच घेईना. घाट उतरायचा म्हणून पोरं कुरकुर करायला लागली. अब्बा जागचे हलले नाहीत. "बसू द्या त्याला. त्याचं घर आत्ता रिकामं झालंय," एवढंच म्हणाले.

आता मी इंग्लंडच्या उत्तरेकडे एका छोट्या शहरातल्या छोट्या थिएटरात स्टेज मॅनेजर आहे. म्हणजे काय, तर खुर्च्या मांडायच्या आणि उचलायच्या. अम्मी म्हणते, हेच करायचं होतं तर जुन्नर काय वाईट होतं?

उत्तर आहे, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही. इथल्याच एका नाटककाराच्या नाटकांनी मला इथं धरून ठेवलंय. नाव सांगून उपयोग नाही, आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसेल. शिकायला आले तेव्हा त्याची नाटकं वाचून मी वैतागले होते. काही घडतच नाही! एकात आईला पुरून आलेले भाऊ नुसते कपबश्या विसळतात. दुसऱ्यात कारखाना बंद झालाय आणि कॅन्टीनमधल्या बायका टेबलं पुसतायत. जे व्हायचं ते सगळं पडदा उघडायच्या आधीच होऊन गेलेलं. मग एका दुपारी तालमीत बसले असताना लक्षात आलं, अगं बाई, हा तर मांडव सोडण्याचाच प्रकार! त्या दिवसापासून तो माणूस मला जुन्नरचाच वाटतो.

माझं शिक्षण कधीच संपलं. नोकरी लागली, कायमचं राहायची परवानगीही मिळाली. अब्बा मात्र दर फोनला विचारायचे, "शिक्षण कधी संपतंय?" मी आता परत येणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगायचं होतं आणि तेच जमत नव्हतं. तुमच्यापैकी जे घर सोडून निघालेत, त्यांना ठाऊक आहे मी काय म्हणते ते. जे मागे राहिलेत, त्यांनाही असणार.

गेल्या वर्षी ते आले. एकटेच, कारण अम्मीला विमानाची भीती. सारा आठवडा मी त्यांना नदी दाखवली, बाजार दाखवला, मशीद दाखवली. मुद्द्याचं काही बोलले नाही. शेवटी त्याच नाटककाराच्या नाटकाच्या दुपारच्या खेळाला घेऊन गेले. इंग्रजी कळणार नाही म्हणून बसमध्येच गोष्ट सांगितली. मुलगी गाव सोडून निघालीय, आणि बाप अख्खा वेळ तिच्या बॅगेची तुटलेली मूठ दुरुस्त करत बसतो. बोलत काहीच नाही.

"मग ती परत येती का?" अब्बांनी विचारलं.

"नाही येत, अब्बा."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "हां." सांगायचं ते सांगून झालं होतं.

नाटक त्यांनी अगदी ताठ बसून पाहिलं. टाळ्या संपल्या, लोक कोट चढवायला लागले, आणि आमचे अब्बा उठून भराभर खुर्च्या मिटायला लागले! आमच्या थिएटरात सुट्या खुर्च्या असतात. कार्यक्रम संपल्यावर त्या नुसत्या बघत बसणं त्यांना जमणारच नव्हतं. आमची मंडळी आधी गोंधळली. पाहुण्याला कामाला कसं लावायचं? मी त्यांना आवरायला गेले तर मलाच म्हणाले, "संपलं ना? मग बघत काय ऱ्हायचं? धर तिकडनं." हसत हसत सगळेच मदतीला लागले.

शेवटी मधोमध एक खुर्ची उरली. माझा सहकारी ती उचलायला गेला, तर अब्बांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ते तिच्यावर बसले. हात मांडीवर, नजर जमिनीकडे.

मला क्षणात कळलं. सहकारी घड्याळ दाखवत होता, पुढच्या खेळासाठी वेगळी मांडामांड करायची होती. मी त्याला म्हटलं, ती राहू दे, ते उठतील तेव्हाच उचलायची. त्याने कारण विचारलं नाही, याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. मी दाराशी उभी राहिले आणि रडले.

बऱ्याच वेळाने अब्बा उठले. खुर्ची स्वतः मिटून थप्पीला लावली आणि माझ्यापाशी आले.

"तू गेली त्या दिवशी डिंभ्यालाबी मी बसलो व्हतो, नवरीच्या बापाशेजारी," ते म्हणाले. "पर वाटलं, आपली तर येनार हाय परत. म्हणून लगेच उठलो. आज नीट बसलो."

यंदा ईदला मी जुन्नरला जातेय. परवा तिकीट काढलं आणि फोन केला. शिक्षणाचं त्यांनी विचारलं नाही. पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "किती दिवस ऱ्हाशील?"