पाटीवरचं माझं नाव

गावकरी मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

पुतण्यानं आळेफाट्यावर कांद्याची आडत टाकली, तेव्हा वडीलधारा म्हणून पाटीवर माझं नाव घातलं. मी फक्त नारळ फोडला. आता आडतीला कुलूप आहे आणि पुतण्याचा फोन बंद.

सकाळी कळंबचा एक शेतकरी दारात आला. "आबा, तुमचं नाव वाचून कांदा उतरवला राव. आता पैसे कोण देणार?" माझा संबंध नाही म्हणून मी त्याला परत पाठवला.

दुपारी नात जुन्नरच्या कॉलेजातून आली. पहिल्या वर्षाला तिला व्यापारी कायदा आहे. आज भागीदारी शिकवली.

"आबा, नाव लावू दिलं ना? मग त्या नावावर माल देणारा तुमालाबी धरू शकतो."

"अगं, तो मान व्हता!"

"कायद्याला मान कळत न्हाई, आबा."

म्हणजे तो शेतकरी चुकीच्या दारात आला नव्हता. उद्या आला तर काय सांगू? पुतण्या कुणाला दिसला, तर लवकर कळवा.