बाईची न बोलणारी दुर्बीण

साठ वर्षं कुजबुजत जगलेली बाई आज सकाळी गेली.

माझी मोठी जाऊ. आमी सगळे तिले बाईच म्हणायचो.

नातू म्हणाला, आजी, फोनात बोल, आपोआप टाईप होते. पण हळू बोललं तं त्या फोनले समजत नाही. म्हणून बाईच्या या बोरसीच्या घराच्या गच्चीवर येऊन बोलून राहिली. खाली माणसं जमली आहेत.

आजकालच्या पोराइले खरं वाटत नाही, म्हणून आधी घर कसं होतं ते सांगते.

भिलाईचा प्लांट उभा होऊन राहिला होता तेव्हा. आमचे नवरे, दोघे भाऊ, भंडाऱ्याकडून आले, दोघे बी प्लांटमध्ये लागले. क्वार्टर एकच भेटलं, मोठ्याच्या नावाचं. एक खोली, स्वयंपाकघर, मागं भिंतीचं अंगण.

एक भाऊ नाईटले, तं दुसरा पहाटेच्या फर्स्ट शिफ्टले. हप्ता बदलला की उलट.

म्हणजे दिवसा पाहा का संध्याकाळी, घरात एक माणूस झोपलेलाच.

भांडं आपटायचं नाही. फोडणी टाकली की वर लगेच झाकण. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून कणीक मळायची. पोरगं रडलं की उचलून रस्त्यावर पळायचं. बाहेर जाऊन बसायची बी सोय नाही, कारण झोपलेला माणूस कधी उठेल नि चहा मागेल, काही भरवसा नाही.

आमी दोघी धडधाकट बाया, दिवसभर नुसते ओठ हलवून बोलायचो. मले तं वाटे, एक दिवस रेल्वेच्या पटरीवर जावं नि पोटभर ओरडून यावं.

बाईचं माहेर तलावाकाठचं. तिले पाखरांची नावं भाजीपाल्यासारखी पाठ. इथं भिंतीपलीकडे मुरमाचं मैदान नि विजेचे खांब, बस. तरी ती दुपारभर अंगणात पाटावर बसून तारेवरचे राघू पाहात राहे. त्याले आवाज लागत नाही न.

प्लांटच्या कामाले आलेलं एक रशियन कुटुंब आपल्या देशी परत चाललं होतं. व्हरांड्यात सामान मांडून विकून राहिले होते. सेक्टरच्या साऱ्या बाया तुटून पडल्या.

मी इस्त्री पाहायले गेली. बाई दुर्बिणींपाशी थांबली.

दोन होत्या. मोठी एकदम फर्स्टक्लास. मी बी डोळ्याले लावली, तं खांबावरच्या कावळ्याची चोच नाकासमोर. लहानी मुठीत मावेल एवढी, पण तिच्यातून सारं बारीक दिसे, नि कडेले धूसर.

बाईनं दोन्हीतून पाहिलं. मग दुर्बीण कानाशी धरली नि तिचं चाक फिरवलं. आधी मोठीचं, मग लहानीचं.

रशियन बाई हसायले लागली. तिले वाटलं असेल, हे कुठं लावतात तेच हिले माहीत नाही.

मी म्हटलं, बाई, घ्यायची तं मोठी घ्या, हे खेळणं कावून घेता?

ती माझ्या कानात म्हणाली, "मोठी बोलते."

खरंच. मोठीचं चाक कुरकुरे. लहानीचं तेल घातल्यासारखं गुपचूप फिरे. लहानीच्या चामडी डब्बीचं बटण टच्च वाजे, तं बाई डब्बी तिथंच सोडून आली.

आता नातू ऑनलाईन दुर्बीण घेते तं पॉवर पाहते, रिव्ह्यू वाचते. आमची खरेदी अशी.

मग एक पावसाळा. मैदानात पाणी साचलं होतं. मी तांदूळ निवडून राहिली होती, बाई भिंतीशी उभी, डोळ्याले दुर्बीण.

"शकू, सारस! शकू, सारस आले गं!"

इतका मोकळा आवाज. मले माहीतच नव्हतं बाईचा आवाज असा आहे.

बाईचा नवरा, म्हणजे माझे भासरे, दारात येऊन उभे. नाईट करून झोपले होते, डोळे लालभडक. रागावले नाही. दुर्बीण हिसकली नाही. एवढंच म्हणाले, "झोप नाही झाली नि तिकडे पाय घसरला, मग बोंबलत बसा दोघी."

नि जाऊन झोपले.

मले लय राग आला. आज बी आहे. पण त्याइचं चुकलं काय? रात्रभर भट्टीच्या धगीसमोर त्याइलेच उभं राहायचं होतं. भांडावं तं कोणाशी भांडावं.

त्या दिवसापासून पाखरू दिसलं की बाई फक्त माझा हात दाबे.

पुढं आमाले वेगळं क्वार्टर भेटलं. पहिल्याच दिवशी मी मुद्दाम दोन पातेले आपटले. बाईच्या घरची शिफ्ट रिटायरमेंटपर्यंत चालू.

मग हे बोरसीचं घर झालं. मुलगा तिले मरोद्याच्या तलावावर घेऊन गेला, मी बी संग होती. थंडीचे दिवस, पाणी बदकांनी भरलेलं. बाई दुर्बिणीतून पाहून कुजबुजून राहिली.

मुलगा म्हणाला, "आई, मोठ्यानं बोल न. इथं कोण झोपलं आहे?"

बाईनं तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही.

मग डॉक्टरले दाखवलं. गळा साफ आहे म्हणाले. भासरे गेले, घर रिकामं झालं, तरी तिचं बोलणं तसंच.

मागच्या साली मले जवळ बसवून म्हणाली, "सारस आले तेव्हा मी कशी ओरडली होती गं? तसं करून दाखव न."

मी करून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. म्हणाली, अजून एकदा.

आता खाली हॉलमध्ये तिले ठेवलं आहे. माणसं येऊन राहिली. सून साऱ्याइले सांगून राहिली, हळू बोला.

बाई, या घरात आज पहिल्यांदा तुमी झोपल्या आहात, नि बाकीचे गप आहेत.

झोपा निवांत.

तुमच्या शकूचा शेवटचा नमस्कार.