आवाजाचे सहा डबे

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर मला कधीच भरवसा नव्हता. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायची वेळ आली ती वाण्याच्या यादीपुरती. म्हणून हे कागद कोणाच्या हाती पडलेच, तर वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात. लिहिते आहे ते माझ्यासाठीच. बोलायला मला जमत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. कागदापुढे तसं होत नाही.

तेव्हा आम्ही दिल्लीजवळ फरीदाबादला नव्या सेक्टरमध्ये राहायला आलो होतो. कंपनीची दोन खोल्यांची क्वार्टर सोडून स्वतःचा फ्लॅट, दुसरा मजला, मोठा हॉल. आजूबाजूला अजून बांधकामं चालली होती. बाल्कनीतला कपडा वाळेपर्यंत त्यावर सिमेंटची धूळ बसायची. पण हॉल स्वतःचा होता आणि तो भरायची सगळ्यांनाच घाई झाली होती. कोणाकडे नवा सोफा, कोणाकडे फ्रिज. आमच्याकडे नवा टीव्ही यायचा होता.

आमच्या ह्यांची नोकरी प्रेसशॉपमध्ये. पत्र्याला एका दणक्यात आकार देणारी मोठी मशीनं असतात, दिवसभर धाडधाड. सांगलीहून आले तेव्हापासून तेच काम. त्या आवाजाने ह्यांचे कान हळूहळू गेले. हे कोणी बोलून दाखवायचं नाही, असा घरातला न बोललेला नियम होता. कंपनीत कळलं तर मशीनवरून काढून गोदामात बसवतील, ही ह्यांना भीती. आणि त्याहून जास्त म्हणजे लाज.

जुना टीव्ही होता तेव्हा हे आवाज पूर्ण मोठा करून बसायचे. क्वार्टरमध्ये चाललं. नव्या जागेत वरच्या मजल्यावरची पंजाबी भाभी एकदा खाली आली आणि हसत म्हणाली, "भाईसाहब, हमें तो अब अपना टीवी चलाने की ज़रूरत ही नहीं पड़ती." हे पण हसले. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की खुर्ची घेऊन बाल्कनीत बसायला लागले. मी बोलावलं तर म्हणायचे, "तुम्ही बघा, मला त्यात काही राम वाटत नाही."

हा माणूस पूर्वी नाटकवेडा. लग्नानंतर मला नाटकातले संवाद म्हणून दाखवायचा. केबलवर मराठी चॅनेल आला, रविवारी नाटक लागायचं, तेव्हा हे थोडा वेळ बसायचे खरे. पण मी एक पाहिलं होतं. हे टीव्हीकडे नाही, आमच्या तोंडाकडे बघायचे. आम्ही हसलो की मग हसायचे.

बोनस आला तेव्हा मुलीने घोषणा केली, "एकोणतीस इंची, फ्लॅट स्क्रीन. आणि होम थिएटर. त्याशिवाय बिलकूल नाही." ती कॉलेजात होती, तिच्या मैत्रिणीकडे होतं. मी विचारलं, "म्हणजे काय असतं?" तर म्हणाली, "आई, आवाजाचे सहा डबे असतात. खोलीत चारी बाजूंना लावायचे. आपण पिक्चरच्या मधोमध बसल्यासारखं वाटतं."

हे म्हणाले, "टीव्ही ठीक आहे. डबे कशाला? घर आहे का बँडपथक?"

पण माझ्या डोक्यात ते डबे बसले. डबे घरात कुठेही ठेवता येतात, हे मी मनात धरून ठेवलं.

रविवारी आम्ही तिघं एन.आय.टी. मार्केटला गेलो. तसं दुकान मी पहिल्यांदाच बघत होते. काचेचा दरवाजा, आत गारेगार, आणि भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर एकच बाई एकाच वेळी वळून बघत होती. मला वाटलं ती सगळी मिळून माझ्याकडेच बघते आहे. मी पदर सारखा केला. पण खरं सांगते, इतकी मजा आली की जत्रेत आल्यासारखं झालं. कोणता घ्यावा, ह्यात गोरी माणसं जास्त गोरी दिसतात, त्यात हिरवं फार हिरवं. ह्यांनी खिशातून स्टीलची टेप काढली आणि प्रत्येक टीव्हीची रुंदी-उंची मोजायला सुरुवात केली, कारण सुताराला शोकेसचा खण बनवायला सांगायचा होता. मुलगी लाजेने दूर जाऊन उभी राहिली.

टीव्ही ठरला. मग विक्रेत्याने आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं, दार लावलं आणि होम थिएटर सुरू केलं. पडद्यावर घोडे धावायला लागले, माझ्या पाठीमागून टापा आल्या. मी खरंच मागे वळून पाहिलं. मग स्फोट झाला आणि खुर्ची हलली. ह्यांचा चेहरा फुलला. "हे येतंय हां मला," म्हणाले. धडधड त्यांना छातीत कळत होती. मुलगी उंच खांबांसारख्या डब्यांच्या सेटवर फिदा झाली होती.

मी तिच्या कानात सांगितलं, "त्याला म्हणावं, माणसं बोलतात ते लाव."

तिने सांगितलं. विक्रेता म्हणाला, "आंटीजी, बातें तो छोटे टीवी में भी सुनाई देती हैं. बातों के लिए कौन लेता है ये?"

मी मान खाली घातली. पण तो माणूस चांगला होता, त्याने लावलं. आणि आपणहून दाखवलं, की सहातला एक आडवा डबा असतो, टीव्हीवर ठेवायचा. "ये बीचवाला. डायलॉग सारा इसी में से आता है."

बोलण्याचा डबा वेगळा असतो हे मला कोण सांगणार होतं.

खांबवाल्या सेटमध्ये तो डबा लहानसा होता. शेजारी एक साधा, बुटका सेट होता, त्याचा मधला डबा चांगला पोळपाटाएवढा लांब. तो लावायला सांगितला. हे कंटाळून त्याच्यासमोरच उभे होते. पडद्यावर एक मुलगी हळू आवाजात काही बोलली. ह्यांनी मान तिरकी केली आणि मला म्हणाले, "चावी शोधतेय वाटतं ती."

ती चावीच शोधत होती. मी मुलीच्या दंडाला चिमटा काढला. "हा."

"आई, हा किती गरीब दिसतो."

"हाच."

बोनस टीव्हीत संपणार होता. डब्यांचे पैसे कुठून आणायचे, तर माझी भिशी. फरीदाबादमधल्या आम्ही बाराजणी मराठी बायका महिन्यातून एकदा जमायचो. ज्यांच्याकडे हिशेब असायचा त्यांना सगळ्या वहिनी म्हणायच्या. चिठ्ठी काढायच्या आधी त्या दरवेळी विचारत, "कोणाला अडचण आहे का?" अडचण असेल तिने बोलायचं, मग त्या महिन्याची रक्कम चिठ्ठी न काढता तिला. बाकीचे हप्ते तिने भरत राहायचे. बाळंतपण, फी, आजारपण, असं काही असलं की बायका बोलत. मी एवढ्या वर्षांत कधी बोलले नव्हते. चिठ्ठीही माझी नेहमी शेवटी शेवटी निघायची.

श्रावणातल्या भिशीला वहिनींनी विचारलं आणि मी म्हणाले, "मला हवेत."

वहिनी घाबरल्याच. "अगं, घरी सगळं बरं आहे ना?"

"हो. होम थिएटर घ्यायचंय."

आणि असं हसू फुटलं की चहाचे कप हलले. एक म्हणाली, "बघा, मुकी बाई बोलली ती थिएटरसाठी." दुसरी म्हणाली, "तिकीट किती ठेवणार गं? समोसे मिळतील ना मध्ये?" वहिनी चष्मा पुसत म्हणाल्या, "ह्याला अडचण म्हणतात होय? शौक म्हणतात."

खरं कारण जिभेवर आलं होतं. पण ते माझं नव्हतं, ह्यांचं होतं. मी म्हणाले, "अडचणच आहे, वहिनी." ह्या वेळी मी मान खाली घातली नाही. वहिनींनी रक्कम माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हप्ता चुकवायचा नाही हो."

घरी येताना रिक्षात मी एकटीच हसत होते.

गणपती झाले की पितृपक्ष, त्यात आम्ही नवीन वस्तू घेत नाही. म्हणून गणपतीच्या आदल्या दिवशीच सगळं घरी आलं. तीन माणसांनी टीव्ही जिन्यावरून चढवला, शेजारची मुलं मागे. शोकेसचा खण ह्यांनी सुताराकडून सुताएवढाही फरक न ठेवता बनवून घेतला होता. टीव्ही त्यात अर्धा गेला आणि थांबला. ह्यांनी रुंदी मोजली होती, उंची मोजली होती, टीव्हीचं मागचं पोट मोजायचं राहिलं होतं. जन्मभर पत्र्याची मापं घेतलेला माणूस टेप हातात धरून उभा राहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, भिंत पाडायची का?"

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "असू दे. खण बाप्पाला झाला."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी गणपती त्या खणात बसला, माळा लावल्या, इतका शोभला की वरची भाभी आरतीला आली आणि म्हणाली, आपने मंदिर बहुत सुंदर बनवाया. टीव्ही आम्ही लोखंडी ट्रंकेवर ठेवला. डबे लावायला दुकानाचा माणूस आठवड्याने येणार होता. तेवढा धीर कोणाला. ह्यांनी स्वतः पुस्तिकेतली चित्रं बघून वायरी जोडल्या. मधला लांब डबा टीव्हीवर ठेवायचा, पण टीव्हीचा माथा उतरता, डबा घसरून खाली यायला लागला. हे म्हणाले, "राहू दे तो इकडेच," आणि हाताजवळच्या स्टुलावर, स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवून दिला.

रविवारी नाटक लागलं. आरती झालेली, हॉलमध्ये उदबत्तीचा वास. मोदकाचं ताट मुलीच्या मांडीवर. नाटकात आठ दिवस मुक्काम ठोकून बसलेला एक पाहुणा होता. यजमान कंटाळून विचारतो, "तुमची गाडी कधीची आहे?" पाहुणा म्हणतो, "रोज असते हो, तिची काळजी करू नका."

हे हसले. आमच्या आधी हसले. आमच्याकडे न बघता, मागे टेकून, पोट धरून हसले, आणि पुढचं वाक्य आलं त्यालाही हसले. मग मलाच सांगायला लागले, "ऐकलंस का, म्हणतो, रोज असते." मी नाटक बघितलंच नाही. मी ह्यांना बघत होते. मुलीने माझा हात दाबला, तेव्हा कळलं की तिनेही पाहिलंय.

गणपती गेले, आणि दुकानाचा माणूस आला. त्याने सगळं नियमाप्रमाणे लावलं. टीव्हीमागच्या भिंतीत फळी ठोकली, तिच्यावर मधला डबा, दोन डबे पुढे, दोन मागे, मोठा कोपऱ्यात. फार सुरेख दिसत होतं. त्या रात्री जेवण झालं, हे थोडा वेळ बसले, मग खुर्ची उचलली आणि बाल्कनीत गेले. हॉलच्या त्या टोकाला बोलणारा डबा, ह्या टोकाला हे. मागच्या डब्यांतून ह्यांना नुसत्या टाळ्या येत होत्या.

मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी मी मुलीकडून दुकानात फोन लावून घेतला आणि रिसीव्हर स्वतः हातात घेतला. माझं हिंदी भाजीवालीपुरतं. म्हणाले, "भैया, वो बीचवाला निकालना है. उसको कुर्सी के पास लाना है. तार लंबा लाना."

तो म्हणाला, "आंटीजी, ऐसे कोई नहीं लगाता. इफेक्ट खराब हो जाएगा."

"होने दो," मी म्हणाले. "हमको बात सुनने का है."

तो संध्याकाळी आला, लांब वायर गालिच्याखालून नेली आणि मान हलवत गेला. हे कामावरून आले. खुर्चीजवळ डबा बघितला, माझ्याकडे बघितलं. चहा तिथेच मागितला. बाल्कनीत ह्यांच्या खुर्चीच्या जागी मग मी तुळस ठेवली.

मी दर महिन्याला हप्ता नेऊन द्यायचे. घरखर्चातून काढताना जड जायचं, दिवाळीत नवी साडीही घेतली नाही, पण चुकवला नाही. बायका दरवेळी विचारायच्या, "काय गं, थिएटर हाऊसफुल का?" मी म्हणायचे, "हो." आणि तेव्हा मला आतून हसू यायचं.

आषाढात शेवटची भिशी आमच्या घरी आली. बायका बारा, आणि हे उठायला तयार नाहीत, नाटक चालू होतं. वहिनी आत येत म्हणाल्या, "भाऊजी, पेटी अगदी कानाशी घेऊन बसलात? तंबोरा आहे का तो?"

मी ट्रे हातात धरून थांबले. हे हसले. ह्यांनी नाटकाचा आवाज बारीक केला आणि म्हणाले, "कान गेलेत हो माझे, वहिनी. प्रेसने खाल्ले. हिने हा डबा इथे आणून लावला, म्हणून घरात बसतो. नाहीतर बाल्कनीत बसलो असतो तुमच्या नावाने बोटं मोडत."

मागच्या वर्षी जी समोसे मागत होती, ती माझ्या हातातला ट्रे घेऊन आत गेली. ह्यांनी आवाज पुन्हा मोठा केला आणि नाटकाकडे वळले, जसं काही विशेष बोललेच नव्हते.

वहिनींनी मला शेजारी बसवलं. मी पदराच्या गाठीतून शेवटचा हप्ता काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मोजला नाही. नोटा पिशवीत घातल्या आणि म्हणाल्या, "झालं गं. तुझे सगळे फिटले."