मावशीने लावलेली लाइन

माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देणं, हे काम तिने कानाला हेडफोन लावून बावीस वर्षं केलं. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि तिची बदली दुरुस्ती विभागात झाली. तिथे ती तारा सोलायला आणि सोल्डरिंग करायला शिकली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने ते परत केलं आणि कपाटातला जुना टेस्टर मागून घेतला.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, नकाशे काढायच्या कचेरीत होते. तेही निवृत्त झाले आणि त्यांनी कॉम्प्युटर आणला. त्यावर ते नकाशे काढतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते विमानांच्या लढाईचा खेळ खेळायला लागले. कॉम्प्युटरने चालवलेली शत्रूची विमानं पाडून पाडून ती त्यांना तोंडपाठ झाली.

"हा डावीकडेच वळतो," ते कुरकुरत. "समोर जिवंत माणूस हवा."

जिवंत माणूस त्याच मजल्यावर समोरच्या दाराआड राहत होता. ते दातांचे डॉक्टर होते आणि त्यांच्याकडेही तोच खेळ होता. दोघांनी दुकानातून एक लांबलचक सिरीयल केबल आणली. काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढली, मधल्या मोकळ्या जागेवरून डॉक्टरांच्या खिडकीत नेली आणि दोन्ही कॉम्प्युटरना जोडली. दोन्ही पडद्यांवर एकच वाक्य आलं: दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे. तीन दिवस ते वाक्य हललं नाही. दोघं आपापल्या खिडकीतून ओरडत होते, "तुमचं दिसतंय का?" "नाही. आमचं?"

चौथ्या दिवशी मावशी चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली.

"दोन नंबरच्या पिनेची तार पलीकडे कुठे जाते?" तिने विचारलं.

"दोन नंबरलाच. सरळ," काका म्हणाले.

"मग कसं लागेल? यातली एक तार बोलायची आणि एक ऐकायची. तुम्ही बोलणाऱ्याच्या तोंडाला बोलणाऱ्याचं तोंड लावलंय. ऐकायला कोणीच नाही."

"आपल्या घरातही तसंच आहे," काका म्हणाले.

"घरात एक जण ऐकते," मावशी म्हणाली. तिने एका टोकाचा प्लग उघडला, दोन आणि तीन नंबरच्या तारांची अदलाबदल केली आणि झाकण लावलं.

दुपारी चाचणी तिनेच करायची ठरवली, कारण तेव्हा काका केस कापायला गेले होते आणि डॉक्टर दवाखान्यात होते. डॉक्टरांकडे फक्त त्यांचे सासरे होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. कान जड, आवाज खणखणीत. मावशीने आप्पांना डॉक्टरांच्या पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः दोन्ही घरांत धावत दोन्ही विमानं उडवायला सुरुवात केली. इकडे विमान वर घ्यायचं, जिना ओलांडून पळायचं, तिकडचं वळवायचं, परत यायचं. आप्पा बसल्या जागेवरून सगळ्या मजल्याला बातम्या देत होते.

"तुमचं विमान खाली चाललंय."

"कुठलं माझं?"

"दोन्ही."

सहाव्या फेरीला तिने काकांच्या खुर्चीवरून गोळी झाडली आणि डॉक्टरांचं विमान पडलं, जे तीच चालवत होती. ती धापा टाकत डॉक्टरांच्या घरात आली तेव्हा पडद्यावर धूर होता. आप्पांनी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "समोरचा फार सराईत आहे. तुम्ही जपून राहा." मावशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वतःवर थोडी नाराज होती. आपण मागून येतोय हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असं ती मला म्हणाली.

पुढचं वर्ष सुखात गेलं. त्रास एवढाच, की डॉक्टरीणबाईंना ती केबल कपडे वाळत घालायला सोयीची वाटली. ओल्या चादरीच्या वजनाने प्लग निसटायचा आणि विमानं हवेतल्या हवेत थिजायची. खालच्या माणसाला कळायचं नाही की आज वरची दोन शहाणी माणसं चादरीच्या नावाने का बोंब मारताहेत.

मग डॉक्टरांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. केबल तेवढी लांब मिळणार नव्हती. काकांचा चेहरा असा पडला, की डॉक्टरीणबाईंना वाटलं त्यांना आपलीच आठवण येणार आहे. त्या गहिवरल्या. मावशीने दोन मोडेम आणवले, एक इकडे, एक तिकडे, फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडायला.

मोडेम लागताना जो आवाज करतो तो ऐकून बाकीच्यांचे कान किटायचे. मावशी मात्र डोळे मिटून ऐकायची. आधी लांब शीळ, मग खरखर, मग भांडी घासल्यासारखं काहीतरी. "शीळ झाली, पण ओळख पटली नाही," ती सांगायची. "दोघांनी वेग एकेक पायरी खाली आणा." खाली आणला की लागायचं. बावीस वर्षं माणसांचे आवाज ऐकलेल्या बाईला यंत्रांची कुरबुर समजायला दोन दिवस पुरले.

पण घोडं भलतीकडेच अडलं. खेळ रंगात आला की लाइन तुटायची. रोज, साडेपाचच्या सुमारास. मावशी टेस्टर पिशवीत टाकून बस पकडून डॉक्टरांच्या नव्या घरी गेली. तारा नीट, खोबणी नीट. ती साडेपाचची वाट पाहत बसली. साडेपाचला आतल्या खोलीत आप्पा उठले, पलंगाजवळचा त्याच लाइनवरचा दुसरा फोन उचलला आणि कानाला लावला. रिसीव्हरमधून मोडेमची किंकाळी आली. आप्पा हसले.

"बोल," ते म्हणाले. "घसा बसलाय का तुझा? मीठ टाकून गरम पाण्याच्या गुळण्या कर." आणि पुढे दहा मिनिटं ते गुडघ्याबद्दल, पेन्शनच्या कचेरीतल्या कारकुनाबद्दल बोलत राहिले. मग समाधानाने फोन ठेवला.

"कोण होतं, आप्पा?" मावशीने विचारलं.

"माझा साडू. जन्मभर असाच किंचाळून बोलतो. पण हल्ली रोज आठवणीने फोन करतो हं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांना आतला फोन काढूनच टाकायचा होता. मावशीने त्यांना थांबवलं. ती आप्पांच्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "आप्पा, मला एक ऑपरेटर हवाय. डॉक्टरांकडून लाइन लावायचं काम कोणाला जमत नाही. नंबर फिरवायचा, शीळ ऐकू आली की 'लागली' म्हणायचं आणि फोन खाली ठेवायचा. मध्ये उचलायचा नाही. ऑपरेटरने दुसऱ्याचं बोलणं ऐकलं तर नोकरी जाते."

"साडूचं काय?"

"त्यांना आपण सकाळी लावू."

आप्पांनी विचार केला. "ड्यूटी किती वाजता?"

"पाचला."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा पावणेपाचला दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनपाशी बसायला लागले. "लागली," असं ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणत, की काकांना ते फोनशिवायही ऐकू येईल असं मावशी म्हणायची. सकाळी साडूला खरा फोन लागला, तेव्हा कळलं, की तो वर्षभर आप्पांशी बोललाच नव्हता. आप्पांनी त्याला सांगितलं, "तुझा आवाज बराच सुधारलाय."

मावशीचा हा लौकिक शहरभर झाला. नाही नाही त्या घरांतून फोन यायचे. ती म्हणायची, "रिसीव्हर मोडेमजवळ धरा," ऐकायची आणि औषध सांगितल्यासारखं सांगायची.

राहिली ती एकच गोष्ट. दोन वर्षांत काका डॉक्टरांविरुद्ध एकदाही जिंकले नव्हते. दात काढणाऱ्याचा हात स्थिर असतो, असं ते कारण सांगायचे. एका रविवारी ते खुर्चीतून अर्धवट उठून किंचाळले. समोरचं विमान सरळ रेषेत चाललं होतं आणि त्यांनी ते पाडलं. त्यांनी मावशीचे दोन्ही हात धरून तिला खोलीभर फिरवलं.

फिरता फिरता मावशीने मोडेमकडे पाहिलं. लाइनचा दिवा विझलेला होता. लाइन केव्हाच तुटली होती, आणि पडद्यावरचं विमान कोणी चालवतच नव्हतं.

काका डॉक्टरांना फोन करायला धावले. लाइन एंगेज. पुन्हा एंगेज. पाऊण तास एंगेज. कारण तिकडे डॉक्टरांनीही सरळ रेषेत जाणारं काकांचं विमान पाडलं होतं आणि तेही तितक्याच आनंदाने काकांना फोन लावत होते.

शेवटी काका दमून झोपाळू डोळ्यांनी सोफ्यावर बसले. "लाजला असेल. उचलत नाहीये," ते म्हणाले.

मावशी म्हणाली, "असेल." मग तिने मोडेमचं बटण बंद केलं आणि चहा टाकायला आत गेली.