तीन रंगांच्या शिवणी

माझे दाजी शिंपी. चाळीस वर्षं एकच दुकान, एकच मशीन, आणि त्यांच्या मते चूक नेहमी समोरच्याची. पँट घट्ट झाली म्हणून कुणी आलं, की "कापड आटलं असेल" असं गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. "कापड आहे तेवढंच आहे, तुम्ही सुटलात," असं तोंडावर सांगायचे. तरी गिऱ्हाइकं टिकून होती, कारण त्यांनी शिवलेली पँट बसायची म्हणजे बसायची.

कंबर आत घेताना जादा कापड ते कधी कापायचे नाहीत, जुनी शिवणही उसवायचे नाहीत. "माणूस पुन्हा भरतो. तेव्हा कापड काय माझ्या खिशातून काढू?"

काजं-बटणं आणि हातशिलाई माझ्या थोरल्या बहिणीकडे. एका दुपारी ताई दाजींच्याच पँटचा फाटका खिसा शिवायला बसली. पँट उलटी केली आणि तिचा हात थांबला. मागे कंबरेशी, मूळ शिवणीच्या शेजारी, आणखी तीन शिवणी होत्या. एक निळी, एक तपकिरी, एक काळी. मशीनवर जो दोरा असेल त्यानेच मारलेल्या.

निळा दोरा शाळेच्या गणवेशांचा, म्हणजे पाच महिन्यांपूर्वीचा. तपकिरी दोनेक महिन्यांपूर्वी शिवलेल्या एका नवरदेवाच्या सुटाचा. काळा गेल्या आठवड्यातला. तिने टेप लावली. साडेतीन इंच. तिने तिथूनच मला फोन केला. "आत्ताच्या आत्ता ये. तुझे दाजी वाळत चाललेत आणि मला पत्ता नाही."

मी पोहोचलो तेव्हा दाजी कापड बेतत होते. मान वर न करता म्हणाले, "वय झालं की माणूस उतरतोच. तुझ्या बहिणीला राईचा पर्वत करायची सवयच आहे."

ताईने ती पँट त्यांच्या कात्रीपुढे टाकली. "ही एखाद्या गिऱ्हाइकाने आणली असती, तर काय म्हणाला असतात?"

दाजींनी कात्री खाली ठेवली. आम्हाला तिघांनाही उत्तर माहीत होतं. गेल्याच वर्षी एका मास्तरांची कंबर दुसऱ्यांदा आत घ्यायला यांनी साफ नकार दिला होता. "आधी डॉक्टरला दाखवून या, मग पँट आणा," म्हणाले होते. मास्तरांना मधुमेह निघाला, वेळेत औषध सुरू झालं. आणि स्वतःच्या बाबतीत हा शहाणा माणूस गुपचूप मशीन चालवत बसला! मला असा संताप आला की काय सांगू.

"थकवाही येतोय," शेवटी ते हळूच म्हणाले. "भीती वाटली रे. शिवण मारली की पँट बसायची. पँट बसली की विसरता यायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. पुढचे आठ दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. मग ऑपरेशन झालं, रिपोर्ट आला, आणि ताईकडून शिवणींची गोष्ट ऐकलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "गाठ पूर्ण निघाली. कुठेही पसरलेली नाही. अजून दोन शिवणी मारेपर्यंत थांबला असतात, तर मला हे सांगता आलं नसतं."

ताई रडत रडत हसत होती. दाजी अंगातल्या दवाखान्याच्या झग्याकडे बघत पुटपुटले, "खांदा पार उतरवलाय मेल्यांनी." तेव्हा कळलं, आमचा माणूस परत आला.

दोन महिन्यांनी पँट आवळायला लागली. ताईने काळी शिवण उसवली. मग तपकिरी. काल निळीही. दाजी आरशासमोर उभे राहून कुरकुरले, "कंबरेत अजून जराशी सैल आहे."

"असू दे," ताई म्हणाली. "पण यापुढे सैल वाटली तर मशीनवर बसायचं नाही. आधी मला सांगायचं."

दाजींनी पट्टा एक भोक पुढे ओढला. "सांगेन," म्हणाले. "माझं चुकलं."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. ताईने दोऱ्याचे तुकडे झाडून टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाची बटणं लावायला घेतली.