मुक्कामी गाडीचे जवाई

अगं ये, अशी जवळ बस. कॉलेजच्या पाहणीसाठी आलीस म्हणून गावाची लोकसंख्या किती नि वाहतुकीची सोय काय, असं उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारतात का? तू कॉलेजात शिकतेस, मी शाळेची पायरीही धड चढले नाही, पण एवढं मलाही कळतं की आधी पाणी प्यावं. प्यालीस? मग ऐक. आमच्या गावाची वाहतुकीची सोय म्हणजे माझी मोठी जाऊ.

वडनेरच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. रस्ता इथेच संपतो. रोज संध्याकाळी एक लाल गाडी यायची, रात्रभर मारुतीच्या पाराजवळ उभी राहायची आणि उजाडता उजाडता पोरींना कॉलेजला घेऊन हिंगणघाटला जायची. तिचे ड्रायव्हर-कंडक्टर माझ्या जावेच्या ओसरीवर निजायचे. जाऊ त्यांना जवाई म्हणायची. तिला स्वतःला लेक नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, हे कुठचे जवाई?" तर म्हणते, "जो रोज येते, जेवते, निजते अन् सकाळी आपल्या पोरीयले घेऊन जाते, तो जवाई नाई त कोन?" गावची लोकसंख्या कोणी विचारली तर त्या दोघांना धरूनच सांगायची. पाटवडीचा रस्सा काय, गोळाभात काय. आमच्या गावची ड्युटी मिळावी म्हणून डेपोत भांडणं होत म्हणे. एका ड्रायव्हरनं मच्छरांची तक्रार केली, तर तिनं कडुलिंबाचा असा धूर केला की दोघं जवाई खोकत रस्त्यावर आले आणि शेजारी घर पेटलं समजून बादल्या घेऊन धावले. "मच्छर त गेले ना," एवढंच तिचं म्हणणं.

पुढे पोरं पुण्या-नागपूरला गेली, राहिलेल्यांनी मोटारसायकली घेतल्या. गाडीत जागाच जागा. एका संध्याकाळी कंडक्टर जेवता जेवता म्हणाला, "मोठीमाय, उद्या साहेब येऊन राह्यले. सकाळच्या गाडीत मानसं किती जाते ते पाहाले. रिकामी दिसली त मुक्काम बंद."

"काऊन रिकामी दिसन? अन् तुमचा साहेब म्हंजे आपला व्याही. येऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. हिंगणघाटला काम असो नसो, सकाळी सगळ्यांनी गाडीत बसायचं. त्या संध्याकाळच्या गाडीनं साहेब आले, मुक्काम केला. सकाळी गाडी अशी भरली की म्हातारे दांडीला लोंबकळत होते. साहेब अजून आमच्या चुलीजवळ. जाऊ ताटात पोळी वाढतच होती. मधेच ती बाहेर डोकावली, गाडी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मला साहेबांच्या ताटाजवळ बसवून ती तरातरा गेली. "उतरा रे सगळे. व्याह्याले बसाले जागा नाई, लाज वाटते का?" आणि गाव उतरलं. पोरीसुद्धा उतरल्या. व्याह्याचं नाव निघाल्यावर कोण बसून राहील?

साहेब आले तेव्हा रिकामी गाडी आणि दोन्ही बाजूंना हात जोडून उभं गाव. ते म्हणाले, "तुमच्यापैकी कोणालाच जायचं नाही?"

जाऊ म्हणाली, "तुमी निवांत जा साहेब. आमी काय, रोजचेच."

साहेब एकटेच गेले, मांडीवर शिदोरी घेऊन.

मुक्काम बंद झाला. आता दुपारी एक फेरी येते, वळते, जाते. पोरींनी हिंगणघाटला खोल्या केल्या. मी तिला विचारलंच, "बाई, काऊन उतरवलं सगळ्यायले?" तर म्हणाली, "मंग काय व्याह्याले उभं नेऊ? एकदाच त आला मानूस." चुकलं असं तिला आजही वाटत नाही. फक्त संध्याकाळ झाली की अंगणात उभी राहते आणि मला म्हणते, "आज गाव लवकरच चूप झालं, नाई?" मी हो म्हणते.

तू आता निघशील. पण पुन्हा यायला दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू नकोस, लवकर ये. दुपारच्या गाडीनं ये, फाट्यावर उतरू नकोस, थेट गावाचं तिकीट माग. आणि ती गाडी वळून गेली तरी तू जाऊ नकोस. एक रात्र मुक्काम कर.