बोर्डावरची रिकामी पट्टी

दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ एकच असू शकतो, हे कबूल करण्यापेक्षा आमच्या अक्का उपाशी राहतील. एकदा राहिल्याही. हुबळीच्या स्टँडजवळ एका खानावळीत पाटी होती, बाहेरचे 'इटेबल्स' आणू नयेत. भुकेनं आमचा जीव चाललेला आणि अक्का मालकाला विचारतायत, "इटेबल्स, की एडिबल्स?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अक्कार, एनू तरब्याड्री, कुंत ऊटा माड्री!" काहीच आणू नका, बसून जेवा, हा तोडगा मला पटला होता. पण अक्कांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही धारवाडला घरी येऊन पोहे खाल्ले.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. देशपांडे नगरातल्या एका क्लासात त्या बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना वाक्यं सुधारायला शिकवत. वाक्यातल्या एका शब्दाखाली रेघ, खाली त्याच्यासारखेच दिसणारे तीन शब्द, आणि चौथा पर्याय 'आहे तेच बरोबर'. गलका नको म्हणून मुलांनी उत्तर बोटांनी द्यायचं. "चौथा पर्याय आळशांसाठी असतो," असं त्यांचं मत. ही पद्धत त्यांनी घरातही चालवली. मी आमटी वाढली की एक घोट घेऊन हात वर. एक बोट म्हणजे मीठ बदल, दोन म्हणजे फोडणी बदल. तीन म्हणजे बहुधा भावजय बदल. मी विचारलं नाही. चार बोटं इतक्या वर्षांत कधी आली नाहीत.

मी लग्न होऊन आले तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, म्हणजे बाकी सगळं विसरले होते आणि इंग्रजी आलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी हिरवा चुडा सावरत मी ऐटीत म्हटलं, "आय ॲम व्हेरी टायर्ड." अक्का चष्मा पुसत म्हणाल्या, "टायर्ड, एक्झॉस्टेड, की फटीग्ड? नीट ठरव, मग बसायला चटई देते." आणि त्या बावळट मुलीनं उभ्या उभ्या खरंच विचार केला हो! नात मला विचारते, "आजी, तू उलटून बोलली का नाहीस?" बोलणार कुठल्या शब्दात?

गेल्या वर्षी आमच्या सुनेनं, शुभानं, शाळेतली नोकरी सोडून जुन्या हुबळीत फॉल-पिकोचं दुकान काढलं. गल्लीत तसली दुकानं आधीच होती, त्यामुळे तिचा सगळा जीव बोर्डात. रुद्रप्पा पेंटरनं वरचं मोठं कन्नड एका सकाळीत रंगवलं. खालची पिवळी पट्टी इंग्रजीसाठी. सर्व प्रकारचं फॉल-पिको करून मिळेल, एवढंच लिहायचं होतं. "टाइप्स, काइन्ड्स, की सॉर्ट्स?" अक्का म्हणाल्या, "विचार करून सांगते. तोवर ब्रश लावायचा नाही."

"अक्का, बायका साड्या घेऊन येणार, डिक्शनरी घेऊन नाही!"

"चालणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं, शुभा."

मुहूर्त आला, पूजा झाली, पट्टी पिवळीच. शुभा आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसून आली. रुद्रप्पा रोज विचारायला यायचा आणि चहा पिऊन जायचा; पुढे पुढे विचारायचंही सोडून दिलं, चहा तेवढा चालू राहिला. आणि झालं भलतंच. शेजारच्या बोर्डांवर इतकं खच्चून लिहिलेलं की वाचवत नसे, आमचा अर्धा रिकामा बोर्ड मात्र लांबून ओळखू येई. रिक्षावाले त्याला 'खाली बोर्डिन अंगडी' म्हणू लागले, रिकाम्या बोर्डाचं दुकान. दिवाळीत साड्यांच्या गठ्ठ्यांमागे शुभा दिसेनाशी झाली.

अक्का अजून विचारच करत होत्या. संक्रांतीच्या सुमारास त्यांना झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, शब्द परतले नाहीत. एकेका गोष्टीला तीन तीन शब्द पुरवणाऱ्या बाईकडे आता पाण्याला, औषधाला आणि मला मिळून एकच 'ते' उरलं.

परवा त्यांनी खुणा करकरून दुकानात न्यायला लावलं. रिक्षातून उतरून बोर्डासमोर उभ्या राहिल्या. शुभानं तिन्ही शब्द तीन कागदांवर ठळक लिहून पुढे धरले. रुद्रप्पानं रंगाचा डबा उघडला. अक्कांनी एकेक कागद वाचला, एकेक बाजूला सारला, पट्टीकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि हात वर केला.

चार बोटं.

रुद्रप्पाला काही कळेना. शुभाला कळलं; ती नाक ओढत हसली आणि त्याच्या डब्याचं झाकण तिनंच लावून टाकलं.

मला हेवा वाटला, का वाटू नये? रात्री मी मुद्दाम आमटी जीव ओतून केली आणि वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसले. अक्कांनी घोट घेतला. हात वर केला. एक बोट.

मी निमूट मीठ आणायला उठले. अक्कांना झटका आल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.